फेटा बांधलेल्याला कोण विचारणार

नाही हो, भगवा मिळणार नाही असं कुठं म्हणाले मी? भगवा आहे, गुलाबी आहे, हा लहरिया बघा, हा जरीकाठाचा — मी फक्त एवढंच विचारलं की सत्कार कुणाचा आहे. तर तुम्ही म्हणता, आमच्याच संस्थेचा. आणि ऑर्डर द्यायला आलंय कोण? तर तुम्हीच. म्हणजे स्वतःच्या वरातीचं घोडं स्वतःच ठरवायला आल्यासारखं — हसा, हसा, हसण्यासारखंच आहे. मंडळाच्या बापूसाहेबांनी पाठवलं ना? 'जावा साहेब, निमगावात प्रतिक्षाचं दुकान हाय, तुमच्या पसंतीचं निवडून घ्या, बिल मंडळाच्या नावावर टाका' — असंच म्हणाले असतील. आमच्याकडं असंच आहे साहेब. रस्त्याचं काम सुरू झालं, सत्कार. काम थांबलं आणि ठेकेदार बदलला, नव्याचा सत्कार. ज्या दिवशी सत्कार बंद होतील त्या दिवशी मला हे दुकान बंद करावं लागेल, म्हणून मी तक्रार करत नाही. बी.कॉम. करून मी शाल आणि नारळ विकते. बारामतीला शिकले — तिथं कुणी सांगितलं नव्हतं की या तालुक्यात सगळ्यात न बुडणारा धंदा हा आहे म्हणून.

बरं, सन्मानचिन्हावर काय लिहायचं ते दाखवा. मोबाईलवरच आहे का? द्या इकडं. — हं. — हं. नाव छान आहे. लांब आहे, पण बसेल. आणि हे चिन्ह — हे मोठं करून दाखवा जरा. नाही, तुम्ही नका करू, माझ्याकडंच राहू दे फोन. ओंजळ आणि ओंजळीतून पडणारा थेंब. थेंबात दिवा. — काही नाही झालं. मी हे चिन्ह याच दुकानात एकदा काचेवर कोरून घेतलंय, म्हणून बघतेय. तेव्हा नाव दुसरं होतं. ओंजळ हीच, थेंब हाच, दिवा हाच — संस्थापकांचा फोटोसुद्धा हाच, फक्त चष्मा बदललाय. बसा. उठू नका. मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. उलट तुम्हीच हळू बोला, आत आप्पा झोपलेत — माझे वडील. आज त्यांचा मशीनचा दिवस नाही. मशीन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तेच सुरू करायला आलाय ना आमच्याकडं — मोफत डायलिसिस केंद्र. बापूसाहेबांच्या मंडळाच्या हॉलमध्ये. त्याच हॉलमध्ये.

तुम्हाला ठाऊक नाही? खरंच? कधी लागलात नोकरीला? — मग बरोबर. तुम्हाला कोण सांगणार! तुम्हाला सांगितलं असेल, दुष्काळी भाग आहे, माणसं भोळी आहेत, मनापासून स्वागत करतात. करतात हो. पहिल्या उद्घाटनाला एवढं स्वागत केलं की पेशंट उन्हात बसले आणि भाषणं सावलीत झाली. प्रत्येक पेशंटला एक शाल आणि एक नारळ — किडनीच्या पेशंटला नारळ! डॉक्टर सांगून सांगून थकले की नारळपाण्याचा थेंब घेऊ नका, हृदय बंद पडेल, आणि इथं व्यासपीठावर बोलावून हातात नारळ. धोंडाबाई म्हणून आमच्या शेजारच्या, त्यांनी तो नारळ नातवाला दिला आणि मला म्हणाल्या, 'प्रतिक्षे, मारायचंच व्हतं तर एवढा मांडव कशाला घालायचा गं?' — अशा होत्या त्या. मी त्या दिवशी उभी राहिले. कॉलेजात होते, अंगात रग होती. मी म्हणाले, संस्था नोंदलेली कुठं आहे? इथं की बाहेर? उद्या काही झालं तर विचारायचं कुणाला? सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मी पदर टाकून उभी राहिले. आणि बापूसाहेब माईकवरून म्हणाले, 'पोरी, ताटावर बसल्याल्या पाव्हण्याला गाव इचारायचं नसतं.' टाळ्या! मला खाली बसवलं, आणि पाहुण्याला फेटा.

पण मी खोटं बोलणार नाही साहेब, त्या केंद्रानं माझे वडील जगवले. ते तुमच्या हिशेबात जमा धरा. आप्पांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात काढलं — दिवाळी झाली की कोकणाकडं, पाऊस जवळ आला की माघारी. मग रानं कमी झाली, मेंढरं विकली, आणि हे दुकान टाकलं. फेटा बांधावा तर बिरूआप्पांनी, असं इंदापूरपर्यंत म्हणायचे. लग्नाच्या मुहूर्तावर नवरदेव थांबायचा, आप्पा येईपर्यंत. आणि अशा माणसाचे पाय एक दिवस सुजले, तोंड सुजलं, आणि कळलं की आता आठवड्यातून तीन वेळा रक्त धुवून घ्यायचं, मरेपर्यंत. मशीनसाठी डाव्या हातात त्यांची शीर जोडलीय ना, तिथं कान लावला की मांजर घुरघुरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक. मी रोज सकाळी लावते कान. तर सांगायचं म्हणजे, ते केंद्र इथं होतं तेव्हा आप्पा चालत जायचे. चालत! चार तास मशीनवर, शेजारच्या खुर्चीवर धोंडाबाई, दोघांची सारखी भांडणं — पंखा कमी करा, पंखा वाढवा — आणि दुपारी घरी येऊन ज्वारीची अर्धी भाकरी. आम्हाला वाटलं, झालं, आता असंच चालणार.

मग टेम्पो आला. रात्री नाही हो, चोरासारखा नाही — भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तुमच्या संस्थेचा माणूस म्हणाला, ही मशीन जुनी झाली, मोठी आणायचीत, आठ-दहा दिवस लागतील. आणि आमच्या म्हाताऱ्यांनी काय केलं असेल? विचारलं असेल ना, की बाबा आठ दिवस या माणसांनी काय करायचं? मशीन कुठं चाललीत? कुणी पावती देईल का? — नाही. त्यांनी टेम्पोपुढं नारळ फोडला. मशीनना हळद-कुंकू लावलं. आणि ड्रायव्हरचा सत्कार केला — टॉवेल-टोपी! तो बिचारा परका माणूस, त्याला कळेना की आपला सत्कार कशाबद्दल. बायकांनी ओवाळलं. मी बारामतीला होते, परीक्षा होती. घरी आले तर धोंडाबाई ओट्यावर बसून मला कौतुकानं सांगतायत की मशीन वाजत-गाजत गेली. वाजत-गाजत! आपल्या श्वासाची नळी दुसऱ्यानं उपटून न्यायची आणि आपण वर त्याच्यापुढं नारळ फोडायचा — जगात दुसरीकडं कुठं होत असेल का हो असं?

— नाही, पाणी नको मला. तुम्ही घ्या.

धोंडाबाई वाट बघत राहिल्या. आम्ही आप्पांना बारामतीला नेलं, मी भांडले, दवाखान्याच्या दारात बसले, नंबर लावून घेतला. धोंडाबाईंना म्हटलं, चला. तर म्हणाल्या, 'अगं, साहेब येत्याल की. एवढा फेटा बांधलाय आपुन त्येला.' त्यांचा मुलगा म्हणाला, दोन दिवस बघू. मग त्यांना धाप लागायला लागली, उताणं झोपता येईना, भिंतीला टेकून बसायच्या. त्यांना गाडीत घातलं तेव्हा मी होते. मला म्हणाल्या, पंखा लाव. गाडीत कुठला पंखा! मी ओढणीनं वारा घालत होते. भवानीनगरच्या अलीकडं मी वारा घालायची थांबले. का, ते तुम्ही समजून घ्या.

तुम्ही खाली नका बघू. तुम्हाला नाही बोलत मी. म्हणजे तुम्हालाच बोलतेय, पण तुम्ही नव्हता तेव्हा. मग मी पुण्याला गेले, धर्मादाय ऑफिसात. तिथल्या बाईंनी बसवून घेतलं, सगळं ऐकलं, खोटं कशाला सांगू. पण त्या म्हणाल्या, ही संस्था आमच्याकडं नोंदलेलीच नाही, ती दुसऱ्या राज्यातली. इथं त्यांची काही मालमत्ता असेल तर आम्हाला धरायला जागा आहे. आता मालमत्ता! हॉल मंडळाचा. लाईटबिल मंडळाचं. मशीन भाड्याची. नर्सबाई पगारी, त्यांचाही पगार थकलेला. साहेब, त्या संस्थेचं इथं स्वतःचं असं काय होतं? एक फलक. तो फलकसुद्धा आमच्या दुकानातनं फुकट दिलेला! मग मी त्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणी ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस हिंदीत बोलला, गोड बोलला. म्हणाला, ताई, नोंद आमच्याकडं आहे, पण काम तुमच्याकडं झालं, तिथं काय चाललं ते आम्हाला इथं बसून कसं दिसणार, तुम्ही तुमच्याच इथं विचारा. झालं. इकडचे म्हणतात मूळ तिकडं, तिकडचे म्हणतात फळ इकडं. आणि मधल्या मध्ये आमच्या धोंडाबाई कुणाच्याच हद्दीत मेल्या नाहीत.

मेंढरू परक्याच्या रानात शिरलं की काय होतं माहितीय? आप्पांना विचारा. रानाचा मालक विचारत बसत नाही, की बाबा तुझी नोंद कुठल्या तालुक्यात. आधी कोंडवाड्यात घालतो. मग मालक येतो आपोआप, हात जोडत. मुक्या जनावराला एवढा कायदा आहे साहेब! आणि माणसांच्या जिवाशी खेळणारी संस्था राज्याची शीव ओलांडून येते, तर तिला कोंडवाडा नाही. नसेल कायदा तर नसेल, पण गावानं तरी विचारावं? मी बापूसाहेबांकडं गेले. म्हटलं, चला, दहा जण जाऊ, तक्रार देऊ, पेपरात देऊ. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, 'प्रतिक्षा, आपुन ज्येच्या डोक्यावर फेटा चढवला, त्येला चोर म्हनलं तर आपल्या फेट्याची काय किंमत ऱ्हायली? गप ऱ्हा. त्येंची कायतरी अडचन असंल.' धोंडाबाईंच्या तेराव्यालाही हेच बोलले, लाडू खाता खाता. मी ताट तसंच ठेवून उठले. आता सगळे म्हणतात, बिरूची पोरगी शिकून तोंडाळ झाली. झाले तर झाले. ही पिढी मान देण्यात मेली साहेब, आणि सोबत दुसऱ्यालाही घेऊन मेली.

तर आता माझं ऐका. फेटे आहेत. शाली आहेत. सन्मानचिन्ह परवापर्यंत देते. पण आधी तुमच्या साहेबांना फोन करा — इथं, माझ्यासमोर. सांगा, गाव म्हणतंय आधी पुण्यात नोंद करा, इथल्या पत्त्याचा, इथं राहणारा, रोज दिसणारा एक माणूस जबाबदार म्हणून नेमा, मशीन न्यायची वेळ आली तर तीन महिने आधी सांगू असं लिहून द्या. मग फेटा. करा फोन. — उचलत नाहीत? पुन्हा करा. — मीटिंगमध्ये. बरं. मग तुम्ही सांगा. तुम्हीच सांगा. — 'ते वरचे बघतात.' वरचे! वर म्हणजे कुठं हो? तुमच्या त्या राज्यात की अजून वर?

काय? — पुन्हा बोला. — गावाची एवढी अडचण असेल तर… हं. हं. दुसरी तीन गावं रांगेत आहेत. त्यांनी हॉलसुद्धा रंगवून ठेवलाय.

…असतील. असणारच. तिथंही दुकान असेल कुणाचं तरी.

नाही, थांबा. बसा ना. जायची काय घाई आहे, चहा सांगते. मी काय, मी बोलते, दुकानात दिवसभर एकटी असते, बोलायला लागले की — तुम्ही मनावर घेऊ नका. मंडळाची ऑर्डर आहे, मी कोण नाही म्हणणारी. भगवाच करू. छान दिसतो फोटोत.

एक विचारू? मशीन किती येणार आहेत? — पाच. पाच चांगली आहेत. नव्या पेशंटांची नावं कोण घेतं, तुम्हीच का? सकाळची पाळी मिळते का मागितली तर? — नाही, सहज विचारतेय. म्हणजे, सहज नाही. आप्पा पहाटे इथनं एमआयडीसीच्या पोरांच्या मोटरसायकलवर मागं बसून जातात हो बारामतीला. पहिल्या पाळीची पोरं चांगली आहेत, मधे बसवतात, मागनं एक जण धरतो. येताना एसटी. मशीनवरनं उठलं की अंगात काही राहत नाही, बीपी उतरतं, आणि एसटीत कधी जागा असते, कधी नसते. मी जाते सोबत जमेल तेव्हा, पण दुकान बंद ठेवलं की औषधं कशातून आणू? मागच्या आठवड्यात ते उठलेच नाहीत. पोरं हॉर्न वाजवून गेली. मी हलवलं, ओरडले, रडले. तर म्हणाले, 'मेंढरू म्हातारं झालं की वाटंतच बसतंय. त्येला वढत न्हेऊ न्हाई.' दोन वेळा चुकवलंय त्यांनी मशीन. काल कुठूनतरी कळलं की इथलं केंद्र पुन्हा सुरू होतंय, तर उठून बसले. दाढी केली. म्हणाले, हितं असलं तर जाईन. हितं चालत जाईन.

आणि हे कोण म्हणतंय? ज्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली ते! मी म्हटलं, आप्पा, तीच माणसं आहेत, पुन्हा जातील. तर काय म्हणाले माहितीय? म्हणाले, 'त्यो गेला, कारन बापूसाहेबानं त्येच्या डोक्यावर शिवल्याला तयार फेटा ठिवला हुता. टोपीवानी. हातानं बांधला न्हवता. हातानं बांधला आसता तर गाव सोडून गेला नसता.' साहेब, मी शिकलेली मुलगी. मला हसू यायला पाहिजे होतं. मला नाही आलं. तुम्हीही तयारच मागताय ना? सगळे तयारच मागतात, स्वस्त पडतो, चटकन होतं.

लिहा नाव. बिरू. नुसतं बिरू नाही, बिरू म्हाळू — वय मोबाईलवर पाठवते. सकाळची पाळी लिहा. आणि — नाही, मी कुणाला काही बोलणार नाही. कार्यक्रमात उभी राहणार नाही. लिहा तुम्ही.

— आप्पा? तुम्ही कशाला उठलात? ऐकलंत होय सगळं? बसा, इथं खुर्चीवर बसा. हे संस्थेचे साहेब. हो, तेच. — नको, आप्पा. नमुना दाखवायची काही गरज नाही, त्यांनी तयार सांगितलेत. — आप्पा, डावा हात नाही, डाव्या हातानं ताण द्यायचा नाही, माहितीय ना तुम्हाला? — बरं. बरं, मी धरते टोक. ओढा तुम्ही उजव्यानं, घडी मी घालते. हो, भगवाच. — रडत नाहीये.

साहेब, नाही म्हणू नका. दोन मिनिटांचं काम आहे. पूर्वी त्यांना अर्धं मिनिट लागायचं. नाही, स्टुलावर नको. खाली बसा, त्यांच्यापुढं, जमिनीवर. फरशी पुसलेली आहे. हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा आता. अजून थोडं खाली. असं.

डोकं हलवू नका.